गळ घरी ठेवून जा

नदीकाठच्या मासेमारीच्या झोपडीत राहून आलो म्हटले, की लोक पहिल्यांदा विचारतात, "मासे किती मिळाले?" कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरीच्या बाजूला जाणाऱ्याने हा प्रश्न घरीच ठेवावा. दगडांवरून धावणारे पाणी तिथे रात्रभर बोलत असते. पहाटे पाणमांजरे दिसली तर नशीब. नदीत मगरी आहेत, पोहण्याचा मोह नको.

पूर्वी इथे देशोदेशीचे हौशी गळकरी कुबडवाल्या महसीरसाठी येत. मासा पकडायचा, वजन वहीत लिहायचे आणि त्याला परत नदीत सोडायचे, हा रिवाज. पुढे वन्यजीव कायद्यापायी अभयारण्यातला हा खेळ थांबला. पण जवळच्या गलिबोरे छावणीतल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांडल्या, तेव्हा कळले, की कुबडवाला संपत चाललाय आणि निळ्या परांचा महसीर वाढलाय. हा पाहुणा कुठला? आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातला! १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले कावेरीत सोडली गेली, तीही नदीचे भले व्हावे म्हणून. कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पटली २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

मी कविता लिहिणारा माणूस. नदीकडे काही ना काही मागायची आम्हाला खोडच. पण तिथे मला कवितेपेक्षा ती साधी वही मोठी वाटली. म्हणून सांगतो, जाताना वही न्या. जे दिसेल ते तारीख घालून लिहा. कधीतरी ते नदीच्या कामी येईल.