ऑर्कची बुद्धी वजा दोन

(युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. काही जण म्हणतील, शिष्यवृत्त्या अडकल्यात, गावोगाव अत्याचार चाललेत, आणि हा खेळाचं काय काढून बसला? आधी ऐका, मग शिव्या द्या.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि काय घडलं ते फासे ठरवतात. शहरातली आपली पोरंही आता खेळतात. मीही खेळलो, एका मित्राच्या खोलीवर, जुन्या पुस्तकावरून. म्हटलं, मला अर्धा ऑर्क व्हायचंय. म्हणजे एका बाजूने माणूस, एका बाजूने ऑर्क. मित्राने पान काढून वाचलं: ताकद अधिक दोन. बुद्धी वजा दोन. चारचौघांत पडणारी छाप, तीही वजा दोन. सगळे हसले. मीपण हसलो. घरी जाताना मात्र शाळेतला मास्तर आठवला. तो मला म्हणायचा, अंगाने दणकट आहेस, डोक्याचं काम तुझं नाही. त्याच्याकडे फासे नव्हते एवढंच.

ते पुस्तक २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचं. त्याआधीचं, १९७८ सालचं बघा. त्यात माणसाला जन्मामुळे कुठलीच आडकाठी नाही. बाकीच्यांना पायऱ्या ठरवून दिलेल्या. अर्धा ऑर्क लढवय्या झाला तर दहाव्या पायरीवर थांबणार, पुरोहित झाला तर चौथ्या. मारेकरी झाला तर मात्र वरपर्यंत रस्ता मोकळा! आणि जादूगार? ते बंद. त्या खेळात जादू पोथीतून शिकावी लागते. पोथीला हात लावायचा नाही. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवंय का? त्याच पुस्तकात कुठला वंश कुठल्या वंशाकडे कसा बघतो याचा तक्ता छापलाय, पसंतीपासून द्वेषापर्यंत.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. तिथेही मिश्र संततीची यादी. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई, की पोर चांडाळ. त्याने राहायचं कुठे, करायचं काय, सगळं ठरलेलं. गायगॅक्सने मनू वाचला होता असं मी म्हणत नाही. वाचायची गरजही नव्हती. जन्मावरून माणूस मोजायचं एकदा ठरवलं की कुठल्याही देशात तक्ता असाच निघतो.

कुणी म्हणेल, ऑर्क काल्पनिक आहे, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं? ऑर्क कल्पनेतला, पण त्याचा चेहरा कुठून आला? खेळातला ऑर्क टॉल्किनच्या कादंबऱ्यांतून उचलला, आणि टॉल्किनने स्वतः १९५८ सालच्या एका पत्रात ऑर्कच्या चेहऱ्याचं वर्णन करताना मंगोल वळणाच्या माणसांचा दाखला दिलाय, तोही युरोपियनांना ओंगळ वाटतील अशांचा. ड्राऊ नावाचे एल्फ घ्या. काळ्या कातडीचे, दुष्ट देवीच्या नादी लागले म्हणून उजेडातून हाकललेले, जमिनीखाली राहणारे. गावकुसाबाहेरच की!

आणि हे पुढचं नीट ऐका. शरण आलेल्या, निःशस्त्र ‘दुष्ट’ जमातीला ठार मारणं पुण्यवान वीराला शोभतं का, असा वाद निघाला तेव्हा गायगॅक्सने २००५ साली कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावरचं एक वचन आधाराला घेतलं. त्याचा अर्थ असा की लिखांच्याच पुढे उवा होतात. हा चिव्हिंग्टन कोण? १८६४ साली कोलोरॅडोत सँड क्रीकला शायेन आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर तुटून पडलेल्या फौजेचा म्होरक्या. त्या कत्तलीत बाया आणि पोरंही कापली. जन्मानेच दुष्ट असलेली जमात एकदा कागदावर तयार केली, की तिची पोरं मारायला तत्त्वज्ञान आपोआप मिळतं.

बदल कधी आला? २५ मे २०२० ला मिनिआपोलिसच्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडला मारलं. काळे लोक रस्त्यावर उतरले. ज्यांच्या पँथरचं नाव आपल्या पोरांनी १९७२ साली घेतलं, तेच लोक. जूनमध्ये खेळाची मालक कंपनी, विझार्ड्स ऑफ द कोस्ट, म्हणाली की ऑर्क आणि ड्राऊ यांना आम्ही माणसांइतकंच गुंतागुंतीचं दाखवू. त्याच वर्षी ऑर्कच्या बुद्धीतली वजाबाकी काढली, आणि जन्माने मिळणारे गुण हवे तिथे लावायची मुभा दिली. कुणी उपकार केले नाहीत. रस्ता तापला म्हणून टेबल हललं.

पण दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच कंपनीने हॅडोझी नावाची वानरासारखी जमात छापली. एका जादूगाराने त्यांना पकडलं, औषध पाजून शहाणं केलं, विकायला काढलं, आणि त्याच्याच शिष्यांनी सोडवलं! म्हणजे बुद्धी मालकाची, मुक्तीही मालकाच्या चेल्यांची. बोंबाबोंब झाली, कंपनीने माफी मागितली, मजकूर काढला.

२०२४ च्या नव्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द गेला, ‘प्रजाती’ आला. ऑर्क यादीत सन्मानाने बसला. अर्धा ऑर्क आणि अर्धा एल्फ मात्र यादीतून गायब. कलंक पुसताना पोरच पुसून टाकलं. आणि गुण? ते आता जन्माने मिळत नाहीत, पूर्वीच्या धंद्याने मिळतात. शेतकऱ्याला ताकद, काटकपणा, शहाणपण. बुद्धी त्याच्या यादीत नाही. ती लेखनिकाला, पंडिताला, सरदाराला. कारागिराला आणि चोरालाही आहे, खोटं कशाला बोला. गोष्ट चालवणाऱ्याला नवा धंदा बनवायची मोकळीकही आहे. पण छापलेल्या पानावर नांगर धरणारा हात आणि अक्कल यांची फारकत आहे ती आहेच.

अमेरिकन माणसाला हा मोठा सुधार वाटेल. त्याला जन्म वेगळा, धंदा वेगळा. आपल्याला कधी वेगळा होता? बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात नुसतं काम वाटत नाही, काम करणारी माणसंच तोडून एकावर एक रचते. तेव्हा कलंक रक्तातून काढून धंद्यात ठेवला तर आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत.

मग सगळे सारखे केले तर खेळात मजा काय, असं विचारतात. फरक ठेवा ना! ऑर्कला अंधारात दिसू दे, ड्वार्फला विष पचू दे. ती शरीराची गोष्ट. अक्कल, नीती, भक्ती, क्रौर्य हे रक्तात घालू नका, धंद्यातही नको. आणि जमातीचा इतिहास सांगणारा कोण ते विचारा. ऑर्क गाव लुटतात असं लिहिलंय? कुणाच्या बखरीत? त्या गावाखाली पूर्वी कुणाची जमीन होती?

हे काम सुरू झालंय. चेरोकी राष्ट्राचे कॉनर अलेक्झांडर यांनी ‘कोयोटी अँड क्रो’ हा खेळ काढला. त्यात गोऱ्यांनी अमेरिका कधी बळकावलीच नाही. खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२२ च्या एका पुस्तकात बंगालच्या मातीवर बेतलेली मणिवर्षाची गोष्ट आहे. ती मिमी मंडल यांनी लिहिली, आणि त्या स्वतःला दलित लेखिका म्हणवतात. दाराशी उभं राहून कुणी आत घेईल याची वाट त्यांनी बघितली नाही.

मी त्या खोलीवर परत गेलो. पुन्हा अर्धा ऑर्कच झालो. म्हटलं, वजा दोन खोड, आणि मला जादूगार कर. मित्र म्हणाला, पुस्तकात लिहिलंय तसंच चालायचं. मी म्हटलं, पुस्तक कुणी लिहिलं? तास-दीड तास भांडण झालं. शेवटी त्याने पेन्सिल उचलली आणि खोडलं. तुमच्याही टेबलावर हे भांडण करा. चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर त्याच वर्षी, १९२७ च्या डिसेंबरात, महाडला मनुस्मृतीही जाळावी लागली होती, हे विसरू नका.

जय भीम!