मुक्या सोबत्यासाठी निधी

अपस्मारग्रस्त बालकाला मध्यरात्री झटका आला, तर शेजारच्या खोलीत निजलेल्या मातेस कळावे कसे? अमेरिकेत याकरिता श्वानांना शिक्षण दिले जाते. झटका येताच ते भुंकून घर जागे करतात, बालकाची साथ सोडत नाहीत. कॅरन शर्क यांनी १९९८ साली ओहायो राज्यात स्थापिलेली ‘फोर पॉज फॉर ॲबिलिटी’ ही संस्था असे श्वान देते. एका श्वानाच्या शिक्षणास हजारो डॉलर लागतात. आरोग्यविमा हा भार सहसा उचलत नाही. म्हणून कुटुंब, शेजारी, शाळा मिळून निधी उभारतात. मात्र श्वानामुळे झटका थांबत नाही, औषध सुटत नाही. पूर्वसूचनेची हमीही नसते. दात्यास हे आधीच सांगावे. चोख हिशेबावरच दानाचा विश्वास टिकतो. मातेला लाभलेली चार घटका निश्चिंत झोप, हेच त्या दानाचे व्याज होय.