घराची खरी किंमत

(बिलोली येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गृहस्थाश्रम हा आपल्या समाजरचनेचा कणा होय. इतर तिन्ही आश्रमांचा योगक्षेम गृहस्थाच्या आधारावर चालतो, असे आपली धर्मशास्त्रे सांगतात. अशा गृहस्थाला स्वतःचे घर असावे असे वाटणे स्वाभाविकच आहे. पुरुषार्थांत धर्माच्या पाठोपाठ अर्थाला स्थान आहे. असे असूनही आपल्या घरांतून अर्थाविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. त्याविषयीच आज बोलायचे आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात दीर्घकाळ काम केले. तेथील एक अनुभव सांगतो. आपल्याच भागातील एका शिक्षकांनी नांदेडला २५ लाखांची सदनिका पसंत केली. बँकेने साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी २० लाख मंजूर केले. उरलेले ५ लाख त्यांनी काटकसरीने साठविले होते. हिशेब पूर्ण झाला, असे त्यांना वाटले. परंतु मुद्रांक शुल्क सुमारे सहा टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे २५ हजार. वकील, मूल्यांकन, बँकेचे प्रक्रिया शुल्क, वीजमीटर, खिडक्यांच्या जाळ्या आणि सामानाची ने-आण मिळून आणखी पावणेदोन लाख. एकूण साडेतीन लाखांची तूट निघाली.

ही तूट त्यांनी महिना शेकडा तीन दराने खासगी सावकाराकडून भागविली आणि घरात कोणालाही सांगितले नाही. बँकेचा हप्ता १७,३५६ रुपये आणि सावकाराचे नुसते व्याज १०,५००. मुद्दल तसेच. वर्षाला हा दर छत्तीस टक्के होतो. दोन वर्षांत हप्ते थकले, दागिने गेले, शेवटी सदनिकाही विकावी लागली. त्यांच्या पत्नी मला एवढेच म्हणाल्या, “यांनी आधी सांगितलं असतं, तर आम्ही आणखी दोन वर्षं भाड्यानं राहिलो असतो.”

बंधूंनो, ते घर बँकेच्या कर्जाने बुडाले नाही. न मोजलेल्या आणि न सांगितलेल्या साडेतीन लाखांनी बुडाले. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल नव्वद टक्के रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. मात्र मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सर्वसाधारणपणे त्या किमतीत धरला जात नाही. तो आपल्यालाच उभा करावा लागतो.

आता कर्जाचा हिशेब. २० लाखांच्या या कर्जाचा पहिला हप्ता भरला, तर त्यातील सुमारे १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ३,१८९ रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत एकूण व्याज साडेएकवीस लाखांहून अधिक. हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे २,३४० रुपयांनी वाढतो, पण व्याज सहा लाखांहून अधिक वाचते. मात्र झेपेल तेवढाच हप्ता घ्यावा. व्याजदर बदलता असतो, हेही ध्यानात ठेवावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता. दुसरीकडे, बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली. हाती जास्तीची रक्कम आली की ती मुद्दलात भरावी.

बिलोलीसारख्या गावात सदनिकेपेक्षा भूखंड घेण्याकडे कल असतो. तेथे धोका वेगळा आहे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. त्यामुळे कूळ, इनाम, खिदमतमाश, मदतमाश अशा नोंदींचा गुंता अनेक जमिनींवर आहे. केवळ सातबारा पाहून भागत नाही; जुने फेरफार, खासरा पत्रक आणि अकृषिक परवानगी जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावी. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेतले म्हणजे मालकी आली, हा भ्रम सोडावा. नोंदणीकृत खरेदीखताविना मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. अशा भूखंडावर बँकही कर्ज देत नाही, आणि मग पुन्हा सावकाराचेच दार ठोठवावे लागते.

म्हणून माझी तीन गोष्टींची विनंती आहे. इसार देण्यापूर्वी सर्व खर्च कागदावर लिहा आणि तो कागद घरातील सर्वांसमोर वाचा. सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय सही करू नका. शक्य असेल तर घर पत्नीच्या नावे घ्या. २०२१ पासून महिलांना निवासी घराच्या खरेदीत मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्या शिक्षकांचे २५ हजार त्यातच वाचले असते.

कार्यकर्त्यांना आणखी एक सांगणे. आपल्या वस्तीत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकील आहेत, तलाठी म्हणून काम केलेली मंडळी आहेत. महिन्यातून एक रविवार सकाळी ही मंडळी एकत्र बसली आणि घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाचे कागद व हिशेब तपासून दिले, तर ती मोठीच समाजसेवा ठरेल. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. येत्या रविवारी येण्याची माझी तयारी आहे. आपणही यावे.