वेग आला तेव्हा जाता आलं पाहिजे



अध्यक्षीय भाषणासाठी बद्धकोष्ठासारखा विषय का, असं काहींना वाटलं असेल. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांवर बोलण्याजोगं पुष्कळ आहे. पण ओपीडीत रोज कानावर येणारी आणि सर्वांत कमी वेळात निकालात निघणारी तक्रार ‘पोट साफ होत नाही’ हीच आहे. एखादं चूर्ण किंवा सिरप लिहून दिलं की पुढचा रुग्ण आत येतो. या तक्रारीचं मूळ आपण आतड्यात शोधतो. नांदेड-लातूरच्या आपल्या भागात ते पुष्कळदा आतड्याबाहेर असतं, हे मला आज मांडायचं आहे. शौचाची भावना झाली त्या वेळी माणसाला जाता येतं का, हा प्रश्न केसपेपरवर येत नाही. तो आला तर निम्मी चिकित्सा बदलेल, असं माझं मत आहे.

आधी शरीर काय करतं ते पाहू. रोज सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात उतरतो आणि त्यातला शंभर-दोनशे मिलीलिटर सोडला तर बाकीचा शोषला जातो. मळ जितका वेळ आत राहील तितका तो कोरडा होत जातो. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, मळ गुदाशयात येतो, गुदाशय ताणला जातो आणि जाणीव होते. ही जाणीव दाबली की गुदाशयाची भिंत सैलावते आणि काही मिनिटांत भावना विरते. मळ तिथेच थांबतो, आणखी सुकतो, दुसऱ्या दिवशी खडा होतो, कुंथताना दुखतं, आणि दुखण्याच्या भीतीने माणूस पुन्हा टाळतो. हा नुसता तर्क नाही. १९९० साली जर्मन संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांना शक्य तितका काळ शौच रोखून धरायला सांगितलं. आठवडाभरात त्यांच्या शौचाच्या वेळा तर कमी झाल्याच, शिवाय अन्नाचा आतड्यातला प्रवासही मंदावला. आतड्यात कुठलाही बिघाड नसलेली माणसं सवयीने बद्धकोष्ठी झाली होती. आपल्या वैद्य मित्रांना याचं आश्चर्य वाटणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेग न रोखण्याबद्दलच आहे आणि त्यात सांगितलेल्या १३ वेगांत मळाचा वेग आहे. दोन्ही शास्त्रांचं ज्या गोष्टीवर एकमत आहे, तीच आपण विचारायची विसरतो.

आता हा वेग आपल्या दोन जिल्ह्यांत कोण रोखतं ते पाहू. घरात संडास नव्हता तेव्हा खेड्यातली बाई पहाटेच्या अंधारात जायची, नाहीतर संध्याकाळच्या. मधल्या बारा तासांत भावना झाली तरी ती दाबायची, आणि होऊच नये म्हणून पाणी व जेवण दोन्ही कमी करायची. जगभरच्या पाहण्यांत बद्धकोष्ठ पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळपास दुप्पट आढळतं. त्याचं कारण आपण संप्रेरकांत, गर्भारपणात, बाळंतपणात ओटीपोटाच्या स्नायूंना झालेल्या इजेत शोधतो, आणि ही कारणं खरीही आहेत. पण मुलगी वयात आल्यापासून वेग दाबायला शिकते, हे कारण त्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईला फडात आडोसा नसतो, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईला जागा सोडता येत नाही. शाळेतली मुलगी दाराला कडी नसलेल्या संडासात जात नाही. मुलं आणि मुली यांच्यासाठी शाळेत स्वतंत्र स्वच्छतागृह असावं, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. ते वापरण्याजोगं असावं, हे पाहण्याचं काम मात्र उरतंच. आणि लातूर पॅटर्नच्या नावाने मराठवाड्यातून, विदर्भातून शहरात आलेला अकरावी-बारावीचा विद्यार्थी? पहाटे उठून शिकवणी, एका संडासावर अनेक जण असलेली खोली, नाश्त्याला मैदा आणि दिवसभर एका जागी बसणं. सकाळी ज्या वेळी आतडं जागं होतं, नेमक्या त्या वेळी तो रांगेत तरी असतो, नाहीतर वर्गात. या मुलांना मूळव्याध किंवा फिशर होतं तेव्हा आपण मलम लिहितो आणि वेळापत्रकाबद्दल चकार शब्द काढत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे जुनं झालं, आता घरोघरी संडास आहेत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून २ ऑक्टोबर २०१४ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनपर्यंत खूप काम झालं, यात शंका नाही, आणि त्याचं श्रेय गावोगावच्या लोकांना दिलंच पाहिजे. पण संडास बांधून झाला की वापराला पाणी लागतं. २०१६चा उन्हाळा या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मांजरा धरण आटलं, लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच पावणेचार लाखांवर होती. म्हणजे त्या पहिल्या खेपेचं पाणी माणशी सव्वा-दीड लिटर. संडासात एका वेळेला, स्वच्छतेसकट, पाच लिटर धरले तरी पाच माणसांच्या घराला २५ लिटर फक्त तिथे जातात. पिण्याचं पाणी मोजून घेणाऱ्या घरात कोणत्या खर्चाला आधी कात्री लागते, हे सांगायला नको. त्या घरातली म्हातारी सकाळी जायचं टाळते, सून सगळ्यांचं झाल्यावर जाते, आणि तोवर वेग गेलेला असतो. २०१६ हे टोकाचं वर्ष होतं, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे जातो आणि टँकर सुरू होतो तेव्हा याचीच लहान आवृत्ती अनेक गावांत दिसते.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो जास्त वजनदार आहे. पाणी कमी म्हणून बद्धकोष्ठ, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ज्याच्या शरीरात पाण्याची कमतरता नाही, त्याने आणखी दोन तांबे प्यायले तर ते लघवीवाटे जातात. मळ त्याने मऊ होत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. उन्हात राबणाऱ्याला खरंच पाणी कमी पडतं, त्याची गोष्ट निराळी. पण म्हणूनच ‘भरपूर पाणी प्या’ एवढं सांगून रुग्णाला वाटेला लावणं मला अपुरं वाटतं. पाण्याचा मुद्दा मी मांडतो आहे तो पोटातल्या पाण्यापेक्षा संडासातल्या बादलीचा अधिक आहे. एका जागी मात्र पिण्याच्या पाण्याला पर्याय नाही. इसबगोल आपलं काम पाणी धरूनच करतं. तो भुसा घोटभर पाण्याबरोबर घेतला तर फुगलेला गोळा अन्ननलिकेतसुद्धा अडकू शकतो. टंचाईच्या गावात इसबगोल लिहिताना सोबत किती पाणी, हे चिठ्ठीवर लिहिलंच पाहिजे.

तिसरा आक्षेप आहाराचा. लोक म्हणतात, ज्वारीची भाकरी सुटली आणि पोटं बिघडली. यात तथ्य आहे, पण आपण समजतो त्या ठिकाणी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत आणि गव्हाच्या न चाळलेल्या पिठात सुमारे ११. भाकरीऐवजी पोळी खाल्ल्याने तंतू घटत नाहीत. घट होते ती मैद्याने आणि पांढऱ्या तांदळाने. दोन्हींत १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्याही आत. खरीप ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, ज्वारी विकत घ्यायची झाली आणि महागली, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि पोरांच्या हातात दहा रुपयांचा बिस्किटपुडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले. तुरीची डाळ १०० ग्रॅमला नऊ ग्रॅम देते आणि अख्खा हरभरा तब्बल पंचवीस. ज्या लातूरच्या आडत बाजारात तूर आणि हरभऱ्याच्या राशी पडतात, त्या जिल्ह्यात तंतूंसाठी परक्या नावाच्या डब्यांची गरज नाही. हरभऱ्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, पेरू, एवढं सांगितलं तरी पुरे, फक्त हळूहळू वाढवायला सांगावं, नाहीतर पोट फुगतं आणि रुग्ण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतो.

आहार सुधारला म्हणजे सगळं सुधारेल, असं मात्र मी म्हणणार नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या १४९ रुग्णांच्या एका अभ्यासात, तपासणीत दोष न सापडलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना तंतूंनी गुण आला. पण ज्यांचं आतडंच मंद होतं त्यांतल्या ८० टक्क्यांना, आणि शौचाच्या क्रियेतच दोष असलेल्यांतल्या ६३ टक्क्यांना काही फरक पडला नाही. या शेवटच्या गटाकडे आपलं सर्वांत कमी लक्ष जातं. जोर लावताना जे स्नायू सैल सुटायला हवेत, तेच हे लोक आवळतात. वर्षानुवर्षं वेग दाबणाऱ्याचे स्नायू आवळण्यातच तरबेज झाले, तर त्यात नवल नाही. अशांना जुलाब देऊन काय होणार? गुदमार्गाची बोटाने तपासणी हे इथलं सर्वांत स्वस्त साधन आहे आणि संकोचापायी तेच वगळलं जातं. स्त्री रुग्णाला स्त्री डॉक्टर किंवा सोबत परिचारिका मिळाली तर संकोच पुष्कळ कमी होतो. फोली कॅथेटरच्या फुग्यात ५० मिलीलिटर पाणी भरून तो गुदाशयातून बाहेर टाकायला सांगणं, ही चाचणी तालुक्याच्या रुग्णालयातही करता येते. साधारण एका मिनिटात तो निघायला हवा. नाही निघाला, तर श्वास, बसण्याची पद्धत आणि स्नायू सैल सोडण्याचं शिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक, हा उपचार आहे. कमोड वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पायाखाली पाट घ्यायला सांगणं हाही त्याचाच भाग.

आपणच लिहून दिलेली कारणंही आहेत. लोह, कॅल्शियम, ट्रामाडॉल, काही रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या गोळ्या. यांत लोहाची गोळी मला सर्वांत चिंतेची वाटते. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह द्यायचं असतं. गर्भारपणात आतडं आधीच मंद असतं, त्यात ही गोळी. खडा झाला की ती बाई गोळी डब्यात ठेवून देते आणि आशाताईंना ‘घेते’ म्हणून सांगते. गोळी देताना ‘शौचाला त्रास झाला तर बंद करू नका, आम्हाला सांगा’ हे एक वाक्य आणि गरज पडली तर लॅक्टुलोज एवढ्याने कितीतरी बायांचं रक्त वाढेल. तंबाखूचंही असंच आहे. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि त्यातले बहुतेक ती तोंडात धरणारे. ‘मिश्री लावल्याशिवाय होत नाही’ हे आपण सगळे ऐकतो. निकोटिनने आतडं हलतं आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. व्यसनमुक्तीच्या पहिल्याच दिवशी त्याचा उपाय हातात दिला नाही, तर माणूस पुन्हा डबीकडे वळतो.

मी औषधांच्या विरोधात बोलतो आहे, असा ग्रह होऊ नये. पॉलिएथिलीन ग्लायकॉल दीर्घकाळ सुरक्षितपणे देता येतं. सोनामुखी आणि बिसाकोडिलने आतडं कायमचं निकामी होतं ही भीतीही अवाजवी आहे. दुकानातून कोणीही कितीही घ्यावं, असा मात्र त्याचा अर्थ नाही. आणि शौचातून रक्त, घटलेलं वजन, पंडुरोग, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर संडास आणि वेळापत्रक यांची चर्चा बाजूला ठेवून दुर्बिणीची तपासणी करायलाच हवी. रक्त दिसलं की मूळव्याध, हे समीकरण न तपासता कोणीही लिहू नये.

शेवटचा आक्षेप असा की डॉक्टरने पाण्याच्या टँकरबद्दल कशाला बोलावं. आपण जे लिहून देतो ते टँकरवर अवलंबून असेल तर बोलावंच लागेल. या परिषदेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पोटाच्या प्रत्येक तक्रारीच्या केसपेपरवर दोन प्रश्न छापावेत: भावना केव्हा होते, आणि तेव्हा जाता येतं का? शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीला जाणाऱ्या पथकांनी मुलांचे दात-डोळे पाहतानाच संडासाची कडी, नळ आणि मधल्या सुट्टीची वेळही पाहावी, आणि शाळेला लेखी कळवावं. आणि जल जीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर हा हिशेब आहे. उन्हाळ्यात तो घटवून टंचाई आराखडा तयार होतो तेव्हा नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्हा परिषदांना आपण पत्र द्यावं, की पिण्याच्या पाण्याखाली संडासाच्या पाण्याचा आकडा वेगळा लिहा. त्या पत्राचा मसुदा आज दुपारच्या सत्रात चर्चेला ठेवत आहे.