एकदा समुद्र पाहायचाय



बीड जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एकही थेंब अरबी समुद्राला मिळत नाही. पाटोद्याच्या डोंगरात गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते. बालाघाटाच्या कडेकडेनं ती लातूरकडे उतरते, पुढे बिदर, मग तेलंगण, आणि सव्वासातशे किलोमीटर वाहून कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. बिंदुसरा सिंदफणेत जाते, सिंदफणा गोदावरीत. आष्टीकडची सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. आमचं सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघून जातं. आमच्या माणसांच्या मनातला समुद्र मात्र पश्चिमेचा आहे. मुंबईचा, अलिबागचा, रत्नागिरीचा.

मी या जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. नद्यांचा धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं, ‘बाई, समिंदराला पल्याडचा काठ दिसतो का?’ तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी माजलगावच्या धरणाचं. त्याला पल्याडचा काठ आहे. बीडच्या कंकालेश्वराभोवती पाणी आहे, पण ते कुंडातलं. पावसाळ्यात सौताड्याला विंचरणेचा धबधबा पाहायला सगळा जिल्हा लोटतो, तोही दिवाळीनंतर बारीक होत जातो. नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी, हे चित्र आमच्या मुलांनी फक्त पडद्यावर पाहिलंय. त्या मुलीला मी ‘नाही’ म्हणाले, तर सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मग कितीतरी वेळ प्रश्न संपेनात. एवढं पाणी खारट कोणी केलं? ते रोज पुढं येतं आणि मागं जातं, तर गाव बुडत नाही का? त्या दिवशी धडा राहिला आणि आम्ही भरती-ओहोटीवरच बोलत बसलो.

बीडचा माणूस फिरत नाही, असं कोणी म्हणू नये. आमच्याइतकी वर्षानुवर्षं घर सोडून जाणारी माणसं महाराष्ट्रात थोडी असतील. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, संसार गाडीत भरायचा आणि सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत जायचं. फडाच्या कडेला कोपी घालायची. पहाटे अंधारात तोड सुरू, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची, गाडी कारखान्यावर खाली व्हायला कधी मध्यरात्र. हे पाडव्याच्या आसपास पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढे आहे. कोल्हापुराहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. म्हणजे आमची माणसं पाच-पाच महिने समुद्रापासून तीन-चार तासांच्या वाटेवर राहतात आणि तो न पाहता चारशे किलोमीटर माघारी येतात. जायचं कसं? एका दिवसाचा खाडा म्हणजे अंगावरची उचल तेवढी जास्त, वर मुकादमाचं बोलणं वेगळं. केस पिकलेल्या बायका मला सांगतात, कोल्हापूर आमचं पाठ आहे. गावांची नावं घडाघडा सांगतात, कोणत्या शिवारात विहीर गोड आणि कोणत्या शिवारात इंचू-काटा जास्त, तेही सांगतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, असं विचारलं तर बऱ्याच जणी मान हलवतात. समुद्र तर लांबच.

यात पैशाची अडचण मोठी आहेच. पण दुसरीही एक आहे, ती मनाची. देवाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी ‘कशाला’ विचारत नाही. आषाढीला पंढरपूरची वाट धरा, घरचे भाकरी बांधून देतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते, तिच्या मागे माणूस महिनाभर घर सोडून गेला तरी गाव त्याला नमस्कार करतं. आणि तीच बाई म्हणाली की मला समुद्र पाहायला जायचंय, तर पहिला प्रश्न, ‘तिथं काय काम आहे?’ काम नसताना, नुसतं डोळे भरून पाहण्यासाठी जाणं, ही चैन समजली जाते. मला ती चैन वाटत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या शिवारात राबलेल्या माणसाला आपल्या इच्छेनं एक वाट चालता यावी, ही अगदी साधी भूक आहे.

गंमत अशी की समुद्राकाठची माणसं आमच्याकडे याच ओढीनं येतात. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी आहे. मार्गशीर्षातल्या नवरात्रात देवळाच्या आवारात कोकणातली बोली कानावर पडते. कथा अशी सांगतात, की परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं आणि कोकणातून वऱ्हाड निघालं. मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून दाखवतात. परळी जेमतेम पंचवीस किलोमीटरवर राहिली आणि देवी कुमारिकाच राहिली. मला या कथेत नेहमी वाटतं, की कोकणची ही लेक माहेराहून इतक्या लांब येऊन बालाघाटावर बसली, तिलाही कधी तिथल्या लाटांची आठवण येत असेल. तिचे माहेरचे लोक वर्षाला घाट चढून तिला भेटायला येतात. आम्ही मात्र तिचं माहेर पाहायला कधी उतरलो नाही.

आता वाट पूर्वीइतकी अवघड नाही. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण बीड शहराला गाडी मिळायला फार उशीर लागला. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं. त्या मंजुरीच्या वेळी शाळेत असलेली मुलं आज स्वतः आईबाप आहेत. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मुकादमांनो आणि कारखान्यांच्या शेतकी खात्यातल्या साहेबांनो, पट्टा पडला, हिशेब मिटला, की गावाकडे गाड्या वळवण्याआधी आपल्या टोळीला एक दिवस घाट उतरवून न्या. बचत गटातल्या बायांनो, दर महिन्याच्या बचतीतून थोडं याच्यासाठी वेगळं काढा. घरच्यांना देवाचं निमित्त हवंच असेल, तर गणपतीपुळे आहे, तिथलं देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. वसतिगृहातल्या लेकरांना सोबत घ्या, सासूला घ्या. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याला नदीची सवय, समुद्राची नाही. पाण्यात उतरण्याआधी भरतीची वेळ तिथल्या माणसांना विचारा आणि लेकरांचा हात सोडू नका.