प्रथिनांचे अविरत चलनवलन
(भाषणाचा मजकूर)



प्रथिने म्हटली की डाळी, दूध आणि अंडी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु प्रथिन हा केवळ अन्नघटक नव्हे. शरीरात ते एका सूक्ष्म यंत्राप्रमाणे काम करीत असते. अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट रीतीने दुमडून त्याला आकार प्राप्त होतो, आणि त्या आकारावरच त्याचे कार्य अवलंबून असते.

स्नायूंत प्राणवायू साठविणाऱ्या मायोग्लोबिनची रचना जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. १९६२ मध्ये त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, त्या रचनेने एक कोडेही उभे केले. प्राणवायू धरून ठेवणारा लोहाचा अणू रेणूच्या पोटात दडलेला होता, आणि तेथवर जाण्यास पुरेशी वाटच दिसत नव्हती! याचे उत्तर असे की, चित्र स्थिर असले तरी रेणू स्थिर नसतो. उष्णतेमुळे त्याचे भाग सतत हेलकावत असतात. क्षणभर फट पडते आणि प्राणवायू आत शिरतो.

ही चंचलता एकेका रेणूत पाहावयाची कशी? चमचाभर द्रावणात असंख्य रेणू असतात आणि हाती येते ती केवळ सरासरी. जत्रेचा गलका दुरून ऐकू येतो, पण एकट्याचा आवाज कळत नाही, तसाच हा प्रकार. १९९८ साली अमेरिकेत सनी शिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे, सुटे रेणू पारदर्शक जेलीत अडकवून त्यांवर लेसरचा प्रकाश टाकला. क्रियेच्या एका अवस्थेत हे विकर उजळते, तर दुसऱ्या अवस्थेत विझते. या लुकलुकीवरून असे दिसले की, तोच रेणू कधी जलद तर कधी संथ काम करतो. एक फेरी संथ झाली, की पुढचीही संथ होण्याकडे कल असतो. रेणूचा आकार हळूहळू बदलत असल्याचे हे लक्षण होय, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

या ज्ञानाचे मोल आपल्या राज्यालाही आहे. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू सोडताना हिमोग्लोबिन आपला आकार पालटते. त्या पालटलेल्या आकारातच हे सदोष रेणू परस्परांना चिकटून ताठ तंतू बनतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. म्हणूनच रेणूचा आकार कसा आहे एवढेच नव्हे, तर तो केव्हा व कसा पालटतो, हे जाणणे रुग्णांच्या हितासाठी अगत्याचे आहे.