स्त्रियांचा संताप आणि हृदयाचे आरोग्य

(पूर्णा, जिल्हा परभणी येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पूर्णा हे रेल्वेचे गाव आहे. वाफेच्या इंजिनांचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना बॉयलरची रीत ठाऊक आहे. वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला म्हणजे सुरक्षा झडप उघडे आणि मोठा आवाज करीत वाफ बाहेर पडे. त्या आवाजाला कोणी इंजिनाचा उद्धटपणा म्हणत नसे. परंतु झडप वरचेवर उघडावी लागणे हेही चांगले लक्षण नव्हे. जाणता आगवाला भट्टीत कोळसाच बेताने टाकी. स्त्रियांचा संताप आणि त्यांचे हृदय यांचा विचार करताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पुरुष रागावला तर त्याला करारी म्हणतात. स्त्री रागावली तर तिला तोंडाळ ठरवितात. म्हणून पुष्कळ स्त्रिया राग गिळतात आणि मनातल्या मनात कुढत राहतात. आपल्या भाषेत यासाठी ‘जीव जाळणे’ असा शब्दप्रयोग आहे. तो केवळ अलंकारिक नाही, असे आता वैद्यकशास्त्रही सांगू लागले आहे.

राग आला की ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. अमेरिकेत 280 निरोगी प्रौढांवर झालेला एक प्रयोग 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना पूर्वीचा संतापजनक प्रसंग आठ मिनिटे आठवावयास सांगण्यात आले. तेवढ्यानेच रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झाली व हा परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. नऊ अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली घेण्यात आला. त्यावरून असे दिसले, की रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे पावणेपाच पट होतो. निरोगी व्यक्तीच्या बाबतीत एका उद्रेकाचा हा धोका मुळातच अल्प असतो. परंतु ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार आहे आणि ज्यांचा राग नित्याचा आहे, त्यांच्याबाबतीत तो उपेक्षणीय राहत नाही.

मग राग गिळणे हितकर काय? तसेही नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी हृदयरोगाचा अभ्यास 1948 पासून चालू आहे. त्या अभ्यासाचा 2007 साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. पतीशी मतभेद झाला असता नेहमी गप्प राहणाऱ्या स्त्रियांमध्ये, मन मोकळे करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, पुढील दहा वर्षांत कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका चौपट आढळला. पुरुषांमध्ये असा संबंध दिसला नाही. मौनानेच मृत्यू ओढवला असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि स्त्रीचे मौन म्हणजे घरातील शांतता, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

मनाचा आघात हृदयावर किती थेट होतो याचे आणखी एक उदाहरण जपानी वैद्यांनी 1990 साली नोंदविले. तीव्र दुःख, भय किंवा संताप यांमुळे हृदयाचा डावा कप्पा एकाएकी फुगून दुर्बळ होतो. ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा त्याचा आकार दिसतो म्हणून या विकारास ‘ताकोत्सुबो’ असे नाव पडले. याचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात व त्यांतील बहुतेकींची पाळी बंद झालेली असते. योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात.

तात्पर्य, आदळआपटही अपायकारक आणि कुढणेही अपायकारक. संयमित शब्दांत, योग्य वेळी, योग्य माणसापाशी राग बोलून दाखविणे हा मधला मार्ग होय. आपल्या आजी-पणजींनी जात्यावर बसून ओव्यांतून सासरचा जाच सांगितला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून आपल्या संतापाला विचाराचे रूप दिले. जाते गेले, तेव्हा मन मोकळे करण्याची ती जागाही गेली. तिच्या जागी दुसरी जागा निर्माण करणे हे समाजाचे काम आहे.

त्याहून मोठे काम म्हणजे भट्टीतला कोळसा कमी करणे. केंद्र शासनाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 289 मिनिटे घालवितात. घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटे. याखेरीज शेतातील राबणे, उन्हाळ्यातील पाण्याची पायपीट, घरातील दारू आणि नावावर नसलेली जमीन. अशा स्त्रीला ‘रागावू नकोस, मन शांत ठेव’ एवढाच उपदेश करणे म्हणजे रोग सोडून रोग्यालाच दोष देणे होय.

दुसरी गंभीर बाब निदानाची. हृदयविकार हा पुरुषांचा रोग, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. छातीत दडपण येणे हे स्त्रियांमध्येही प्रमुख लक्षण आहे. परंतु त्याबरोबर, क्वचित त्याखेरीजही, धाप, घाम, मळमळ, असाधारण थकवा, पाठ, खांदा वा जबडा दुखणे अशी लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात. मग कोणी म्हणते पित्त झाले, कोणी म्हणते गॅस झाला. भांडणानंतर छातीत कळ आली तर ‘सोंग करते’ असेही म्हटले जाते. वास्तविक भांडणानंतरची कळ अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी. स्त्रीही स्वयंपाक उरकून मग दुखणे सांगते. या विलंबात हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी 108 क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयालेख काढून घ्यावा.

राग हे एकमेव कारण नव्हे, हेही विसरता कामा नये. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू ही मुख्य कारणे आहेत, आणि दातांना लावलेली मिश्री हीसुद्धा तंबाखूच होय. गरोदरपणी ज्या स्त्रीचा रक्तदाब वाढला होता, तिने पुढेही नियमित तपासणी करावी. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. महाराष्ट्र शासनाने 2022 च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान राबवून अठरा वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची दिशा दाखविली आहे.

येथे उपस्थित असलेल्यांवर याबाबत विशेष जबाबदारी येते. शिक्षकांनी मुलग्यांना घरकामाची लाज वाटणार नाही असे संस्कार द्यावेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पंचायत सदस्यांनी ती कागदोपत्री न उरकता तेथे स्त्रियांना मनापासून बोलू द्यावे आणि बोललेले इतिवृत्तात लिहून घ्यावे. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, त्यामुळे ऐकून घेणारीही एक स्त्रीच असू शकेल. जेथे मारहाण आहे, तेथे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये संरक्षण अधिकाऱ्यांची आणि 181 या दूरध्वनी क्रमांकाची मदत मिळते. मनाच्या त्रासासाठी 14416 हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. हे तीन-चार क्रमांक शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिण्यास फारसा खर्च येणार नाही.

स्त्रीच्या रागात पुष्कळदा एक तक्रार दडलेली असते, आणि ती बहुधा खरी असते. नळाला पाणी आले, घरातील दारू सुटली, सातबाऱ्यावर तिचे नाव लागले, तर तिच्या हृदयावरचा भार हलका होईल. त्यास औषधोपचाराची जोड हवीच. पण आरंभ तिचे म्हणणे ऐकून घेण्यापासून झाला पाहिजे. तो आपापल्या घरून करावा, एवढीच विनंती.